खुंटांच्या आतला चौकोन

नऊ वर्षांनी त्या उतारावर पुन्हा गेले तेव्हा माझ्या संशोधनाची एकच खूण शिल्लक होती, आणि ती लांबूनच दिसत होती. बाकीचा उतार बराच मोकळा झाला होता, गवत कमरेइतके वाढले होते, मधूनमधून मूळच्या झाडांची रोपे डोके वर काढत होती; आणि या सगळ्याच्या मधोमध वीस मीटर लांब व वीस मीटर रुंद असा, घाणेरी या बाहेरून आलेल्या आक्रमक झुडपाचा एक चौकोन, कोणी मुद्दाम जोपासावा तसा, दाट, काटेरी आणि फुलांनी लगडलेला उभा होता. त्याच्या चारही कोपऱ्यांवर पिवळा रंग दिलेले लोखंडी खुंट होते. ते मीच ठोकले होते.

सोबतच्या वनरक्षकांना मी विचारले, की एवढा उतार साफ केला, मग हाच तुकडा का सोडला? त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिले. "मॅडम, तुम्हीच सांगून गेला होतात, या चौकोनाला हात लावायचा नाही म्हणून."

सांगितले होते खरेच. तो तुलनेसाठी राखलेला तुकडा होता. प्रयोगाच्या भाषेत त्याला कंट्रोल म्हणतात. आक्रमक वनस्पतीच्या नियंत्रणाच्या कामात, जिथे काहीच नियंत्रण करायचे नसते त्याच तुकड्याला कंट्रोल म्हणावे, ही गंमत तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती. दोन वर्षांच्या नोंदी मला पुरल्या, प्रबंध लिहून झाला, पदवी मिळाली. काम संपले हे त्यांना कळवायचे मात्र राहून गेले. पुढची सात वर्षे दर हंगामात ते नव्या मजुरांना बजावत राहिले, आणि माझा चौकोन सुरक्षित राहिला. त्याची काळी फळे पक्ष्यांनी खाल्ली, बिया आसपासच्या साफ केलेल्या जमिनीत टाकल्या, आणि त्यांतून उगवलेली रोपे त्यांचेच मजूर दरवर्षी उपटत राहिले.

घरी आल्यावर मी माझा प्रबंध काढून पुन्हा वाचला. घाणेरीच्या जाळीखाली स्थानिक रोपांची विविधता किती घटते, हा त्याचा विषय होता, आणि ती घटते, हा त्याचा निष्कर्ष. प्रश्न रास्त होता, मोजमापही चुकीचे नव्हते. पण तेव्हा, म्हणजे पहिल्याच वर्षी, या वनरक्षकांनी मला एक वेगळा प्रश्न विचारला होता, आणि तो माझ्या वहीच्या समासात अजून लिहिलेला आहे. "मला वर्षातून वीस दिवस मजूर मिळतात. ते फुलं येण्याआधी लावू, की पावसानं माती मऊ झाल्यावर? आणि पुढच्या वर्षी कोणीच मिळालं नाही, तर यंदा तोडण्यात काही अर्थ आहे का?" त्यावर, याचा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा, असे काहीतरी मी म्हणाले होते. माझा निष्कर्ष मात्र त्यांना रोज त्या उतारावरून चालताना दिसतच होता.

त्या चौकोनामुळे गेली काही वर्षे माझ्या वाचनाला एक वळण लागले. आक्रमक प्रजातींवरचे संशोधन कमी आहे, अशी तक्रार आता करता येत नाही. जैवविविधतेवरील आंतरशासकीय मंच, म्हणजे आयपीबीईएस, याने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार माणसाच्या वावरातून जगभर ३७,००० हून अधिक परकीय प्रजाती नव्या ठिकाणी स्थिरावल्या आहेत, त्यांपैकी ३,५०० हून अधिक उपद्रवी ठरल्या आहेत, आणि त्यांच्यामुळे होणारे वार्षिक नुकसान २०१९ मध्ये ४२३ अब्ज डॉलरच्या पुढे गेले होते. एवढे मोजून ठेवणारी माणसे एका बाजूला आहेत. दुसऱ्या बाजूला जमीन आणि पाणी प्रत्यक्ष सांभाळणारी माणसे आहेत: वनरक्षक, कुरणांचे राखणदार, तलावांचे व्यवस्थापक, स्वतःचे रान असलेला शेतकरी. पहिल्यांना तीन वर्षांचा निधी आणि सर्वत्र लागू पडेल असे उत्तर हवे असते. दुसऱ्यांना याच उतारावर, याच हंगामात, हाताशी असलेल्या माणसांनिशी काहीतरी ठरवावे लागते, आणि उत्तर नसले तरी ठरवावेच लागते. या दोघांची गाठ कुठे पडली आणि कुठे चुकली, हे मी शोधू लागले.

गाठ वेळेवर पडली तर काय होते, याचे सगळ्यात स्वच्छ उदाहरण समुद्राच्या तळाशी आहे. कॉलर्पा टॅक्सिफोलिया नावाचे एक हिरवेगार शैवाल मत्स्यालयांत शोभेसाठी वापरले जाते. १९८४ मध्ये ते मोनॅकोच्या समुद्रविज्ञान संग्रहालयाखालच्या समुद्रतळावर दिसले, तेव्हा त्याचा पसारा साधारण एक चौरस मीटर होता. एका माणसाने एका दुपारी हाताने उपटून संपवावे, एवढेच ते काम. फ्रान्समधील नीस विद्यापीठाचे संशोधक अलेक्झांद्र मेनेझ यांनी पुढे धोक्याची घंटा वाजवली. पण हे शैवाल आले कुठून, त्याने खरोखर काही बिघडते का, आणि ते काढणे कोणाचे काम, यावर वाद चालत राहिला आणि शैवाल भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याने हजारो हेक्टरवर पसरले. जून २००० मध्ये कॅलिफोर्नियातील कार्ल्सबाडच्या एका खाजणात समुद्री गवताची पाहणी करणाऱ्या पाणबुड्यांना हेच शैवाल दिसले. तोवर युरोपातला अनुभव तिकडे पोहोचला होता, हे शैवाल अमेरिकेच्या घातक वनस्पतींच्या यादीत आदल्याच वर्षी चढले होते. सापडल्यापासून १७ दिवसांत काम सुरू झाले: शैवालाच्या प्रत्येक ताटव्यावर काळी ताडपत्री अंथरायची, कडा वाळूच्या पिशव्यांनी दाबायच्या आणि आत क्लोरीन सोडायचे. २००६ मध्ये ते तिथून नाहीसे झाल्याचे जाहीर झाले.

ही गोष्ट सांगताना सगळे त्या १७ दिवसांचे कौतुक करतात. मला त्याआधीची वर्षे जास्त महत्त्वाची वाटतात. त्या पाणबुड्यांचे काम शैवाल शोधण्याचे नव्हते. ते दुसऱ्याच वनस्पतीची वाढ मोजायला उतरले होते. तरीही वेगळे काहीतरी दिसल्यावर ते काय असू शकेल आणि कोणाला कळवायचे, हे त्यांना सुचले, कारण दूरच्या समुद्रातले ज्ञान कोणीतरी त्यांच्यापर्यंत आधीच आणून ठेवले होते.

पण बहुतेक आक्रमणे एक चौरस मीटरची असताना सापडत नाहीत. ती सापडतात तेव्हा संपवण्याची वेळ टळून गेलेली असते, आणि उरते ते रोखून धरणे. अशा लांबलचक कामात संशोधक आणि व्यवस्थापक एकत्र कसे नांदतात, हे पाहायचे तर उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांकडे जावे लागते. लॅम्प्रे हा बामसारखा दिसणारा, जबडा नसलेला मासा दुसऱ्या माशाला तोंडाने चिकटतो आणि त्याचे रक्त शोषतो. नायगारा धबधबा त्याच्या वाटेत होता. धबधब्याला वळसा घालणाऱ्या वेलंड कालव्याची विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुधारणा झाल्यावर तो १९२१ मध्ये ईरी सरोवरात आणि १९३८ पर्यंत थेट सुपीरियरमध्ये पोहोचला. वरच्या सरोवरांतून दर वर्षी साधारण दीड कोटी पौंड लेक ट्राउट मासे पकडले जात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हा आकडा तीन लाख पौंडांवर आला.

व्हर्नन ॲपलगेट या तरुण संशोधकाने मिशिगनमधल्या नद्यांवर बसून या प्राण्याचे जीवनचक्र तपासले. लॅम्प्रेची पिल्ले नदीच्या गाळात अनेक वर्षे आंधळ्या गांडुळासारखी पडून असतात, पाण्यातले कण गाळून खातात, आणि मगच रूप पालटून सरोवरात उतरतात. सरोवर अफाट आहे, पण गाळातली पिल्ले ठराविक नद्यांच्या ठराविक पट्ट्यांतच असतात. म्हणजे प्राणी कुठे जाचतो ते पाहण्याऐवजी तो कुठे कोंडलेला सापडतो, हे पाहायचे. मग त्या पिल्लांना मारेल आणि इतर माशांना सहसा मारणार नाही अशा रसायनाचा शोध सुरू झाला. बरण्यांमध्ये पिल्ले आणि मासे एकत्र ठेवून सुमारे सहा हजार संयुगे एकामागून एक तपासली गेली, तेव्हा १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात टीएफएम हे संयुग हाती लागले. आज तिथल्या लॅम्प्रेची संख्या पूर्वीच्या शिखरापेक्षा सुमारे ९० टक्के कमी आहे.

सहा हजार संयुगांची गोष्ट चिकाटीची म्हणून सांगितली जाते. मला मात्र त्यानंतरचे रोजचे काम अधिक शिकवून गेले. कॅनडा आणि अमेरिका यांनी १९५४ मध्ये करार करून महासरोवरांसाठी एक मत्स्य आयोग उभा केला आणि संशोधन व नियंत्रण ही दोन्ही कामे त्याच एका छपराखाली ठेवली. दर वर्षी माणसे नद्यांत उतरून गाळातली पिल्ले मोजतात. कोणत्या नदीवर केलेल्या खर्चातून सर्वाधिक लॅम्प्रे कमी होतील, याचा हिशेब मांडतात. त्या क्रमाने नद्या निवडतात. रसायनाचे प्रमाण पाण्याच्या आम्लतेवर आणि क्षारतेवर अवलंबून असते, त्यामुळे औषध सोडणाऱ्या पथकाला पाणी तपासत तपासतच पुढे जावे लागते. इथे संशोधकाचा निष्कर्ष कुठे संपतो आणि व्यवस्थापकाचा निर्णय कुठे सुरू होतो, हे रेघ मारून दाखवता येत नाही. हे काम थांबले तर काय होईल, हेही दिसून गेले: २०२० आणि २०२१ या साथीच्या वर्षांत पथकांना ठरलेल्या सगळ्या नद्यांपर्यंत पोहोचता आले नाही, आणि पुढच्या वर्षांत लॅम्प्रेची संख्या वाढली. साठ वर्षांचे यश दोन चुकलेल्या हंगामांत पातळ होऊ लागते. "पुढच्या वर्षी कोणीच मिळालं नाही तर", या प्रश्नाचे मला सापडलेले हे सर्वांत थेट उत्तर.

शास्त्रज्ञांना हाताशी घेतले की काम सरळ होते, असे मात्र नाही. १९३५ मध्ये उसाच्या भुंगेऱ्यांचा बंदोबस्त करण्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये केन टोड नावाचे मोठे बेडूक आणले, ते ऊस संशोधन करणाऱ्यांनीच. हवाईहून शंभराच्या आसपास टोड आले, त्यांची पैदास झाली, आणि काही महिन्यांतच हजारो पिल्ले उसाच्या मळ्यांत सोडली गेली. प्रौढ भुंगेरे उंच पानांवर आणि अळ्या जमिनीखाली, मधल्या टोडांना दोन्ही अप्राप्य. वॉल्टर फ्रॉगॅट या निवृत्त कीटकशास्त्रज्ञाने तेव्हाच जाहीर विरोध केला होता. त्यामुळे काही काळ टोड सोडण्यावर बंदी आली आणि पुढच्या वर्षी ती उठली. शेतकरी आणि संशोधक यांच्यात तिथे दुरावा नव्हता, उलट दोघांनाही एकच उत्तर घाईने हवे होते. शंका घेणाऱ्या तिसऱ्याला त्या बैठकीत जागा नव्हती.

अर्जेंटिनाहून आणलेल्या पतंग या कीटकाने ऑस्ट्रेलियातील निवडुंग आटोक्यात आणला, याच देशात, टोडांच्या थोडीच वर्षे आधी. त्या कथेचा गाजावाजा टोडांच्या घाईला कारणीभूत होता की काय, अशी शंका मला नेहमी येते. पण ती शंकाच आहे.

सोडलेला कीटक नंतर काय करतो, हे सर्वांत आधी कोणाला दिसते? गाजरगवताच्या गोष्टीत ते शेतकऱ्यांना दिसले. भारतात हे गवत १९५५ मध्ये पुण्यात प्रथम लक्षात आले आणि पुढे देशभर पसरले. त्याच्या नियंत्रणासाठी मेक्सिकोहून झायगोग्रामा बायकोलोराटा हा भुंगेरा १९८३ मध्ये बंगळूरला आणला गेला, विलगीकरणात तपासला गेला आणि पुढच्या वर्षी सोडला गेला. तो फक्त गाजरगवतावर जगतो, अशी खात्री चाचण्यांनी दिली होती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शेतकऱ्यांनी तक्रार केली, की मेक्सिकन भुंगेरे सूर्यफुलाची पाने खात आहेत. अशा वेळी दोन सोप्या वाटा असतात: शेतकऱ्याचा गैरसमज झाला म्हणायचे, नाहीतर भुंगेरा दगाबाज निघाला म्हणायचे. सरकारने समिती नेमली, आणि संशोधक पुन्हा शेतात गेले. तेव्हा उलगडा असा झाला, की शेजारच्या गाजरगवताचे परागकण उडून सूर्यफुलाच्या पानांवर बसत होते आणि त्या परागांच्या ओढीने भुंगेरे ती पाने कुरतडत होते. शेतकऱ्यांचे निरीक्षण खरे होते आणि प्रयोगशाळेतली चाचणीही खोटी नव्हती; चाचणीतल्या स्वच्छ पानांवर परागांची धूळ नव्हती, एवढेच. बंद खोलीत हे कधीच कळले नसते, आणि बांधावर उभे राहून नुसते पाहिल्यानेही त्याचे कारण सापडले नसते.

कर्नाटकातील बिळिगिरी रंगनाथ डोंगरांत राहणाऱ्या सोलिग आदिवासींचे उदाहरण माझ्या चौकोनाच्या जवळचे आहे, कारण तिथेही घाणेरीच आहे. हिवाळा सरता सरता, पाचोळा अजून फार सुकलेला नसताना, सोलिग पूर्वी जंगलात हलकी आग लावत. त्या आगीला ते तरगु बेंकी म्हणत. अभयारण्य झाल्यावर आग लावण्यास मनाई झाली. आगी बंद झाल्या आणि घाणेरी माजली, असे सोलिग वडीलधारी सांगत असत. संशोधकांचे त्या वेळचे अनुमान नेमके उलट दिशेला जात होते: आग आणि घाणेरी एकमेकींना बळ देतात, आगीने जंगल उघडे पडते, घाणेरी शिरते, ती वाळली की पुढची आग अधिक भडकते, असे चक्र अंकिला हिरेमठ आणि भरत सुंदरम यांनी २००५ मध्ये मांडले होते. मग त्याच दोघांनी त्याच जंगलातल्या जुन्या नोंदी आणि नवी मोजणी शेजारी ठेवली. १९९७ ते २००८ या काळात घाणेरीचा वावर जवळपास दुप्पट झाला होता, आणि त्याच काळात आगी कमी झाल्या होत्या. त्यांनी ते तसेच छापले, आणि सोलिगांच्या निरीक्षणांवर वेगळा अभ्यासही केला. स्वतःचे अनुमान स्वतःच्याच आकड्यांनी मोडते तेव्हा ते मान्य करायला जी निवांत प्रामाणिकता लागते, तिचे मला फार अप्रूप आहे.

म्हणून उद्यापासून आगी लावाव्यात, असे होत नाही. आता तिथे माणसाच्या उंचीहून दाट झालेल्या घाणेरीत तीच हलकी आग हलकी राहणार नाही. ज्या जंगलासाठी ती रीत घडली होती ते जंगलच बदलले आहे. पण कुठल्या उतारावर आधी घाणेरी काढायची आणि मग कधी, कोणत्या वाऱ्यात, किती आग चालेल, हे ठरवायला बसायचे झाले तर त्या बैठकीत सोलिग, वनखाते आणि नकाशे घेऊन बसलेले संशोधक, तिघेही लागतील.

मोठ्या प्रमाणावर अशी बैठक खरोखर झाली ती दक्षिण आफ्रिकेत. केपच्या योंकर्सहूक खोऱ्यात १९३० च्या दशकापासून ओढ्यांचे पाणी मोजले जात होते. फिनबॉस ही तिथली ठेंगणी, झुडपी वनस्पतीसृष्टी हटवून पाइनची झाडे लावली की ओढ्याचे पाणी घटते, हे त्या मोजमापांतून सिद्ध झाले होते; आणि पाइन, वॉटल यांसारखी परदेशी झाडे लागवडीतून निसटून डोंगरभर पसरत होती. ही माहिती कित्येक वर्षे शास्त्रीय नियतकालिकांत पडून होती. १९९५ मध्ये शास्त्रज्ञांनी ती नवे जलमंत्री कादर अस्माल यांच्यापुढे मांडली तेव्हा विषयाचे नाव फिनबॉस नव्हते, पाणी होते. त्याच वर्षी 'वर्किंग फॉर वॉटर' हा कार्यक्रम सुरू झाला, आणि बेरोजगारांच्या हाती करवती व कुऱ्हाडी देऊन झाडे काढण्याचे काम दिले गेले. एकाच तक्त्यावर पाणी, रोजगार आणि निसर्ग, असा योग सहसा जुळत नाही.

या कथेचा पुढचा भाग कमी वेळा सांगितला जातो. २०१२ मध्ये ब्रायन व्हॅन विल्गेन आणि सहकाऱ्यांनी पंधरा वर्षांचा हिशेब मांडला. तीन अब्ज रँडहून अधिक खर्च झाला होता, आणि तरीही बहुतेक प्रजातींच्या एकूण पसाऱ्याच्या अगदी थोड्या भागापर्यंतच काम पोहोचले होते. अनेकांचा पसारा वाढतच होता. रोजगार द्यायचा तर काम सगळीकडे थोडे थोडे वाटावे लागते, आणि झाड हटवायचे तर एकाच खोऱ्यात पुन्हा पुन्हा जावे लागते, ही ओढाताण त्या योजनेच्या पोटातच होती. ज्यांनी कार्यक्रमाचा पाया घातला त्यांच्याच वर्तुळातून ही टीका आली, आणि तरी संबंध तुटले नाहीत. पुढच्या नियोजनात हे आकडे वापरले गेले. संशोधक व्यवस्थापकाचा मित्र असावा की परीक्षक, असा प्रश्न कोणी विचारला, तर मी या अहवालाकडे बोट दाखवते.

उलट दिशेने येणारी अडचण सॅन फ्रान्सिस्को उपसागरात दिसली. तिथे बाहेरून आणलेल्या स्पार्टिना गवताचा स्थानिक गवताशी संकर झाला आणि तो संकर चिखलपट्ट्यांवर माजला. तो उपटण्याचे काम जोरात चालले, आणि मग ध्यानात आले, की रिजवेज रेल हा संकटग्रस्त पाणपक्षी त्याच उंच गवतात आसरा घेत आहे. काही ठिकाणी २०११ पासून काम थांबवावे लागले. गवत काढावे का, याचे उत्तर तयार होते. किती वेगाने काढले, आणि स्थानिक गवत किती आधी लावले, तर पक्षी टिकेल, हा प्रश्न आधी कोणी गणिताने विचारलाच नव्हता. व्यवस्थापक अडल्यावर तो विचारला गेला आणि २०१४ मध्ये त्यावर सविस्तर मांडणी प्रसिद्ध झाली. संशोधनाला चांगले प्रश्न कुठे मिळतात, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा, काम जिथे अडले आहे तिथे जाऊन उभे राहा, असे मी सांगते. बहुतेकांना ते उत्तर आवडत नाही.

या दोन जगांमध्ये येजा करणे हेच ज्यांचे काम आहे, अशी माणसे हल्ली थोडी दिसू लागली आहेत. अमेरिकेच्या ईशान्य भागात २०१६ पासून हवामानबदल आणि आक्रमक प्रजाती यांवर असे एक जाळे चालते. व्यवस्थापकांना काय अडते ते आधी विचारायचे, मग विखुरलेले संशोधन चाळून त्याचा सारांश एक-दोन पानांत लिहायचा, अशी त्यांची पद्धत आहे. काम साधे वाटते, पण त्यातून ना पदोन्नती मिळते ना पुरस्कार, त्यामुळे ते करणारी माणसे टिकवणे अवघड असते. दोन पाने नेमकी लिहायला दोनशे पाने वाचावी लागतात, हे निवड समित्यांना दिसत नाही.

दुसऱ्या बाजूचे ज्ञान तर कुठल्याच पानावर येत नाही. त्या वनरक्षकांनी मला त्यांची नोंदवही दाखवली. तारीख, मजूर किती, कोणता उतार, काय केले, आणि शेवटच्या रकान्यात पुढच्या पावसाळ्यानंतरची स्थिती. पहिल्या दोन वर्षांच्या पानांवर त्या रकान्यात एकच शेरा पुन्हा पुन्हा होता: "बुंध्यातून तोडली. दुप्पट फुटवे." तिसऱ्या वर्षापासून त्यांनी रीत बदलली होती, मातीखाली चार बोटे खणून सोटमूळ तिथे छाटायचे आणि जाळी उचलून मुळे वर करून उलटी ठेवायची. दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांनी कॉर्बेटमध्ये हीच पद्धत विकसित केली आहे, फुटवे मुळाच्या त्या वरच्या भागातूनच येतात, हे ओळखून. यांना ती कोणी शिकवली, असे विचारले तर म्हणाले, "कोणी नाही. दोन वर्षं तेच तेच तोडून कंटाळा आला." ती नोंदवही मला नऊ वर्षांपूर्वी कोणी दाखवली असती, असे मी म्हणू शकत नाही, कारण मी मागितलीच नव्हती. अपयशाचे शोधनिबंध छापले जात नाहीत, अशी ओरड आम्ही करतो. अपयशाची इतकी नेटकी नोंद माझ्या खुंटांपासून अर्ध्या तासाच्या चालीवर, पत्र्याच्या पेटीत होती.

चौकोनाचे काय करायचे, यावर आम्ही दुपारभर बोललो. मी आधी सरळ म्हणाले, की काढून टाका, माझी चूक आहे. ते म्हणाले, नको. नऊ वर्षे न तोडलेली घाणेरी आता या पूर्ण पट्ट्यात दुसरीकडे कुठे नाही, मग त्यांचा तो जुना प्रश्न इथेच का पाहू नये? चौकोनाचे चार भाग करायचे असे ठरले. एकात फुले येण्याआधी मुळे छाटायची, दुसऱ्यात पावसानंतर माती मऊ झाल्यावर. तिसऱ्यात यंदा तोडून पुढच्या वर्षी मुद्दाम काहीच करायचे नाही. चौथा तसाच ठेवायचा, पण त्यावरची फळे पिकण्याआधी खुडायची, म्हणजे बिया बाहेर जाणार नाहीत. फळे खुडण्याची कल्पना त्यांची. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा प्रयोग फारच लहान आहे, हे मी त्यांना सांगितले. वीस दिवसांच्या मजुरांत यापेक्षा मोठा बसणार नाही, हे त्यांनी मला सांगितले. मग आणखी तीन उतारांवर असेच चौकोन त्यांच्या सहकाऱ्यांकडून करून घेता येतील का, यावर बोलणे गेले, आणि ते जमेल असे दिसते.

निघताना खुंटांना नवा रंग दिला. त्यांनी नोंदवही काढली, नवे पान उघडले, चारही भागांचा आराखडा त्यात उतरवून घेतला आणि वही माझ्यापुढे सरकवली. "मॅडम, या वेळी कधीपर्यंत हात लावायचा नाही, तेही लिहून द्या."

मी तारीख लिहिली.